डाव्या पायाची व्हीआरएस

डेक्कनपासून कोथरूड डेपोपर्यंत एका शनिवारी संध्याकाळी मी २१४ वेळा क्लच दाबला. मोजायचं कारण एवढंच, की दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. गाडीतला रेडिओ बिघडलेला, शेजारी बसलेली बायको 'लक्ष्मी रोडला गाडी नको म्हटलं होतं' हे वाक्य एकदा बोलून गप्प झालेली, आणि पुढच्या रिक्षाच्या पाठीवरचा मजकूर मला नळस्टॉपच्या आधीच पाठ झालेला. क्लच, फर्स्ट, चार फूट पुढे, क्लच, न्यूट्रल. पुन्हा क्लच, फर्स्ट, चार फूट पुढे. त्यातलेही दोन फूट दर वेळी एखादी स्कूटर मध्ये घुसून घेऊन जायची.

घरी पोचलो, गाडीतून उतरलो, आणि लक्षात आलं की मी उतरलोय पण डावा गुडघा अजून गाडीतच आहे.

सोमवारी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी गुडघा वाकवला, सरळ केला, पुन्हा वाकवला. मी दर वेळी वेगळा आवाज काढला.

"जिने किती चढता?"

"लिफ्ट आहे."

"व्यायाम?"

"करायचाय."

"मांडी घालून बसता?"

"बसलो तर उठवायला माणूस लागतो, म्हणून बसत नाही."

"मग एकटा डावाच कसा गेला?" डॉक्टर विचारात पडले. मग एकदम म्हणाले, "गाडी चालवता का? क्लच कडक आहे?"

"चौदा वर्षांची गाडी आहे."

"मग आधी ती दाखवून या."

गॅरेजवाल्याने गाडीची एक चक्कर मारली आणि बोनेटसुद्धा न उघडता निदान केलं. "क्लचप्लेट संपली. साहेब, तुम्ही क्लचवर पाय ठेवून गाडी चालवता."

"छे."

"प्लेट सांगतेय."

"थोडासा ठेवतो. आधाराला."

"आधाराला क्लच नसतो हो. पायाचं काही दुखणं आहे का? एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या."

आयुष्यभर बँकेत मी लोकांना या काउंटरवरून त्या काउंटरवर पाठवत आलो. त्याचं व्याज असं मिळालं.

त्या रात्री जेवताना माझी मुलगी मोबाइलवरून मान वर न करता म्हणाली, "बाबा, ऑटोमॅटिक घ्या ना." आमच्या घरातले मोठे निर्णय हल्ली असेच, मान वर न करता होतात. मी "बघू" म्हणालो. तीस वर्षांच्या नोकरीत मी या एका शब्दावर कितीतरी कर्जप्रकरणं थंड केली आहेत. पण घरात तो चालत नाही. दुसऱ्या दिवशी सोसायटीतल्या लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी मला विचारलं, "मग? कोणता रंग घेताय?"

माणूस आजारी पडला की चार जण औषध सुचवतात. गाडी घेतोय म्हटलं की चाळीस. आणि त्यात 'गिअरची घेऊ की बिनगिअरची' असा प्रश्न असला की माणसं जेवणाच्या ताटावरून उठून मत द्यायला येतात.

खालच्या मजल्यावरच्या काकांनी मला पार्किंगमध्येच गाठलं. "ऑटोमॅटिक? अहो, ती बायकांची गाडी. पुरुषाच्या हातात गिअर पाहिजे."

वर गॅलरीत बायको कपडे वाळत घालत होती. तिथूनच म्हणाली, "बरं झालं काका. म्हणजे मी चालवीन, हे शेजारी बसतील. तुमची कुठवर गेली होती हो मागच्या वेळी?"

काका गप्प झाले. त्यांची गाडी गेली सहा वर्षं कव्हरखाली आहे. दर रविवारी ते कव्हर काढतात, गाडी सुरू करून जागच्या जागी पाच मिनिटं ठेवतात आणि पुन्हा कव्हर चढवतात. त्या गाडीच्या पाच गिअरपैकी कामाला येतो तो फक्त न्यूट्रल.

साताऱ्याहून मेव्हण्याचा फोन आला. "भावजी, ऑटोमॅटिक नका घेऊ. कंट्रोल राहत नाही." मेव्हण्याच्या गाडीच्या चारही कोपऱ्यांवर त्याच्या कंट्रोलच्या खुणा आहेत, त्यामुळे मी वाद घातला नाही.

आणि चिपळूणहून मामांचा फोन आला. मामा म्हणजे आमच्या घराण्यातलं सर्वोच्च न्यायालय.

"अरे, घाटात काय करशील? कुंभार्ली म्हणजे तुझा कर्वे रोड नव्हे. वळणावर गाडी विचार करत बसली तर ढकलणार कोण?"

मामांनी जन्मात गाडी घेतली नाही. पण चाळीस वर्षं ते एसटीने कुंभार्ली चढले-उतरले, आणि तेही ठरवून ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून. कोणत्या वळणाला सेकंड पडतो, कुठे थर्ड घेता येतो आणि कुठल्या ड्रायव्हरने उगाच घाई केली, याचा अख्खा हिशेब त्यांच्या डोक्यात आहे. मामांच्या मते गाडी चालवणं म्हणजे योग्य वेळी योग्य गिअर ओळखणं. बाकीचं, म्हणजे स्टिअरिंग, ब्रेक वगैरे, कोणीही करतं.

शेवटी मी आमच्या शाखेतल्या एका सहकाऱ्याला विचारलं. तो मेकॅनिकल इंजिनिअर आहे, आणि म्हणूनच बँकेत आहे. त्याने पैसे काढायच्या चार स्लिपा घेतल्या आणि प्रत्येकीच्या मागे एक आकृती काढली.

"ही एएमटी. आत साधाच गिअरबॉक्स, साधाच क्लच. फक्त तो क्लच दाबायला आणि गिअर टाकायला आत एक यंत्र बसवलेलं. म्हणजे गाडी मॅन्युअलच, पण राबणारा वेगळा."

"आमच्या घरासारखं," मी म्हणालो.

"ही सीव्हीटी. हिच्यात गिअरच नाहीत. दोन पुली आणि मध्ये पट्टा. पुली लहान-मोठ्या होतात. ॲक्सिलरेटर दाबलास की इंजिनाचा आवाज लोणावळ्याला पोचतो, गाडी मागून येते. हा टॉर्क कन्व्हर्टर. तेलात समोरासमोर दोन पंखे. एक फिरला की तेल दुसऱ्याला फिरवतं. आणि ही डीसीटी, दोन क्लचवाली. एकाकडे विषम गिअर, दुसऱ्याकडे सम."

"पुण्यातल्या पार्किंगसारखी. ही कितीला?"

त्याने माझी पगाराची स्लिप पाहिलेली आहे. त्याने चौथी स्लिप फाडून टाकली.

मग त्याने इतिहास सांगितला. अमेरिकेत जनरल मोटर्सने ओल्ड्समोबिल गाड्यांसाठी हायड्रामॅटिक नावाचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणला तो १९३९ साली. आपल्याकडे छोट्या ऑटोमॅटिक गाड्या मधूनमधून येत राहिल्या, पण त्या महाग आणि पेट्रोलच्या बाबतीत खादाड. मग २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओबरोबर एएमटी आली आणि क्लचचं पेडल नसलेली गाडी आपल्यासारख्यांच्या ऐपतीत बसली. पुढच्याच वर्षी नॅनोलासुद्धा एएमटी मिळाली. आतला गिअरबॉक्स तोच असल्यामुळे ॲव्हरेजमध्येही फारसा फरक नाही.

थोडक्यात, डाव्या पायाची स्वेच्छानिवृत्ती योजना १९३९ पासून लागू होती. माझाच अर्ज राहिला होता. आमच्या बँकेत व्हीआरएस आली तेव्हाही माझं असंच झालं. अर्ज करू की नको, यावर मी इतका विचार केला की योजना संपली.

खरं तर ही भांडणं आमच्या घराला नवी नाहीत. माझ्या वडिलांकडे बजाज चेतक होती. ती रोज सकाळी सुरू करण्याआधी एका बाजूला आडवी करून तिच्या कार्बोरेटरमध्ये पेट्रोल उतरवायचं, हा आमच्या वाड्यातला नित्यनेम होता. वडील ते इतक्या भक्तीने करायचे की शेजारच्या आजी लांबूनच हात जोडायच्या. मग लाथ. मग आणखी लाथ. मग माझ्याकडे बघून, "तू दप्तर लवकर का भरत नाहीस?" मग तिसरी लाथ.

१९८४ साली किनेटिक होंडा आली. बटण दाबलं की सुरू आणि गिअरचा पत्ताच नाही. वाड्यात एकाने घेतली तेव्हा वडील तिच्याभोवती एक प्रदक्षिणा घालून आले आणि म्हणाले, "बटणावर चालतो तो मिक्सर. त्याच्यावर बसत नसतात." पुढे आठ वर्षं ते त्या मिक्सरच्या मागच्या सीटवर बसून ऑफिसला गेले. पण मत बदललं नाही.

आज पुण्यात लाखो माणसं बिनगिअरच्या स्कूटरवर फिरतात, आणि सिग्नल तोडतानासुद्धा कोणाला गिअरची आठवण येत नाही. चेतक २०२० साली पुन्हा आली ती विजेवरची. गिअर नाही, किक नाही, आणि आडवी केली तर उतरायला आत पेट्रोलही नाही. वडील असते तर म्हणाले असते, "मिक्सरच तो. आता नुसता चार्ज होतो."

"वीस वर्षं मी बिनगिअरच्या स्कूटरवरून तुमचा गहू, तुमचा गणपती आणि तुमची मुलगी आणली-नेली," बायको म्हणाली. "तेव्हा कोणी विचारलं नाही, घाटात काय करणार म्हणून."

मग माझी अडचण काय होती? अडचण अशी, की गिअरची गाडी चालवायला शिकणं हा माझ्या आयुष्यातला एकमेव पराक्रम आहे. बाकी सगळं आपोआप झालं.

शिकलो १९९४ साली. ड्रायव्हिंग स्कूलची मारुती ८०० होती, चार गिअरची. शेजारी बसलेले सर पेपर वाचायचे. एकवीस दिवस मी पुण्यात लोण्यासारखी गाडी चालवली. एकदाही बंद पडली नाही. मला वाटायला लागलं, आपल्या रक्तातच आहे. आमच्या सात पिढ्यांत कोणी बैलगाडीही हाकली नव्हती, तरी.

बाविसाव्या दिवशी मित्राची गाडी मागून घेतली. वाङ्निश्चय होऊन दोन महिने झाले होते, त्यामुळे ती शेजारी. पौड रोडने चांदणी चौकाच्या चढाला लागलो आणि पुढच्या ट्रकने ब्रेक मारला. मी थांबलो. मागे एसटी थांबली. ट्रक निघाला. मी क्लच सोडला, गाडीने उडी मारली आणि बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा उडी. तिसऱ्या खेपेला उडीसुद्धा नाही, सरळ मागे. एसटीचा हॉर्न माझ्या पाठीच्या कण्यातून वाजला.

मग एसटीचा ड्रायव्हर खाली उतरला, माझ्याकडचं दार उघडलं आणि एक अक्षर न बोलता हाताने मला 'सरक' अशी खूण केली. सरकायला जागा नव्हती, म्हणून मी उतरलो. त्याने गाडी चढ संपेपर्यंत नेली, हँडब्रेक ओढला, उतरला आणि तसाच न बोलता आपल्या एसटीकडे चालत गेला. मी चढ चालत चढलो. गाडीत जाऊन बसलो तेव्हा ती एवढंच म्हणाली, "छान चालवतात हं ते."

मग मी ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत वाकून नीट पाहिलं. सरांच्या पायाशी त्यांचा स्वतःचा क्लच आणि स्वतःचा ब्रेक होता. एकवीस दिवस सर पेपर वाचता वाचता माझा क्लच दाबत होते. मी फक्त स्टिअरिंगला लोंबकळत होतो. म्हणजे हिशेबाने माझी पहिली गाडी ऑटोमॅटिकच होती.

त्यानंतर महिनाभर पहाटे उठून मी चढावर हाफ क्लच शिकलो. अशा घामाने मिळवलेली विद्या पन्नास हजार रुपये जास्त देऊन विसरायची, हे पटत नव्हतं. हो, त्याच गाडीची एएमटी घेतली तर साधारण पन्नास हजार जास्त पडत होते. मी हिशेब मांडला. फेरीला २१४ क्लच, दिवसाला दोन फेऱ्या, वर्षाला ३०० दिवस, दहा वर्षं. एकूण १२ लाख ८४ हजार क्लच. पन्नास हजारांना त्याने भागलं तर एका क्लचला चार पैशांहूनही कमी. चार पैशांत हल्ली पुण्यात काहीही येत नाही. पत्ता विचारणं फुकट असतं, पण ते जास्त महाग पडतं.

तेव्हा टेस्ट ड्राइव्ह ठरली.

टेस्ट ड्राइव्हला घरातले सगळे आले. आईने वाटेत वेळ फुकट जाऊ नये म्हणून मटार सोलायला आणले होते. शोरूममधला मुलगा फार हसरा होता. "सर, काहीच करायचं नाही. डीमध्ये टाकायचं आणि रिलॅक्स व्हायचं."

आयुष्यात ज्यांनी ज्यांनी मला रिलॅक्स व्हायला सांगितलं, ते सगळे दंतवैद्य होते.

ब्रेक सोडला तशी गाडी आपणहून सरकायला लागली. वेग वाढला. इंजिनाचा आवाज चढला. आणि सेकंड टाकायची वेळ झाली हे कानांनी ऐकताच डाव्या पायाने मला न विचारता, अठ्ठावीस वर्षांच्या निष्ठेने, तिथे होतं ते पेडल पार तळापर्यंत दाबलं.

तिथे ब्रेक होता.

क्लच हळुवार दाबायची पद्धत नसते. त्यामुळे ब्रेकही तसाच लागला. गाडी जागच्या जागी खिळली. हसरा मुलगा डॅशबोर्डला भेटून आला, त्याची फाईल काचेवर आपटली, आणि मागच्या सीटवरून एक किलो मटार दाणा दाणा होऊन सगळ्या गाडीत पसरले.

"काय झालं रे?" आईने विचारलं.

"क्लच दाबला."

"सर, क्लच नाहीये," मुलगा कपाळ चोळत म्हणाला.

"मला माहितीये. पायाला माहीत नाही."

पुढच्या सिग्नलपर्यंत हा कार्यक्रम आणखी दोनदा झाला. शेवटी मुलगा म्हणाला, "सर, एक करा. डाव्या पायातली चप्पल काढून ठेवा आणि पाय मागे घ्या. मग पायाला कळतं, ड्यूटी नाही." मी गाडी बाजूला घेतली, परत शोरूमपर्यंत गेलो, दार उघडलं आणि देवळात काढावी तशी चप्पल बाहेर काढून ठेवली. आणि खरंच सांगतो, जादू झाली. अनवाणी पाय आज्ञाधारक मुलासारखा सीटखाली बसून राहिला. गाडी पाण्यासारखी चालली. मला इतका आनंद झाला की आई "कोथिंबीर दिसतेय, थांब" म्हणाली तर मी लगेच थांबलो आणि स्वतः उतरलो.

भाजीवालीने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "साहेब, दुसरी चप्पल?"

"शोरूममध्ये आहे."

"हप्त्यानं घेतलीत काय?"

गाडी घेतली. घ्यावीच लागली. कारण शोरूममधला मुलगा पुढचे आठ दिवस फोन करून "सर, आज सीटखाली आणखी पाच मटार निघाले" असं सांगत होता, आणि त्या आवाजात विनंती होती की धमकी, हे मला ठरवता येईना.

किल्ली देताना त्याने एक गोष्ट सांगितली. "सर, एएमटी गिअर बदलताना किंचित थबकते. त्या वेळी ॲक्सिलरेटर जरासा सोडायचा. मग झटका बसत नाही."

"पण ती गिअर कधी बदलणार ते मला कसं कळणार?"

"सर, ते सवयीनं ओळखायचं."

"म्हणजे गिअर ती बदलणार, पण कधी ते मी ओळखून पाय उचलायचा?"

"हो सर."

"मग मीच बदलला तर?"

"त्यासाठी सर, मॅन्युअलचं मॉडेल आहे. पन्नास हजार कमी."

ओळखायची सवय लागेपर्यंत आम्ही झटके खाल्ले. फर्स्टचा सेकंड होताना गाडी क्षणभर श्वास रोखते आणि आतल्या सगळ्यांच्या माना एकदम पुढे झुकून मागे येतात. सेकंडचा थर्ड होताना पुन्हा. सोसायटीच्या गेटपासून कोपऱ्यापर्यंत जाताना समोरून येणाऱ्याला वाटतं, हे अख्खं कुटुंब आपल्याला नमस्कार करतंय. खालचे काका पहिल्या दिवशी गोंधळले, दुसऱ्या दिवशी त्यांनीही मान झुकवली, आणि आठवडाभरात सोसायटीत माझी नम्र माणूस म्हणून कीर्ती झाली. माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत जे झालं नाही ते एका गिअरबॉक्सने केलं.

राहिलं होतं ते सर्वोच्च न्यायालय. पुण्यात एक लग्न होतं. मामांना चिपळूणहून आणायचं ठरलं. म्हणजे येताना कुंभार्ली घाट चढणं आलं.

मामा पुढच्या सीटवर बसले. एसटीत बसायचे तसे, किंचित पुढे वाकून. आई आणि बायको मागे. पोफळी मागे पडली, चढ सुरू झाला आणि मामांनी घसा साफ केला.

"हं. आता सेकंड."

गाडी डीमध्ये होती. वळणासाठी वेग कमी झाला, चढ जाणवला, आणि गाडीने आपलं आपण गिअर उतरवला. आमच्या माना झुकल्या. समोरच्या काचेखालच्या पाटीवर तीनचा दोन झाला. मामांनी ते पाहिलं.

वळण संपलं, जरा सपाटी लागली. "थर्ड," मामा म्हणाले.

एक झटका. पाटीवर तीन.

मामांनी हळूच माझ्या हातांकडे पाहिलं. दोन्ही हात स्टिअरिंगवर. मग गिअरच्या दांड्याकडे. तो जागच्या जागी.

"तू हात लावला नाहीस."

"नाही."

पुढचं वळण आलं. या वेळी मामा जरा हळू आवाजात, अंदाज घेतल्यासारखे म्हणाले, "सेकंड?"

पाटीवर दोन.

"ऐकते की रे ही!"

मागच्या सीटवर बायकोला एकदम खोकला आला. मामांना सांगण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ होतं. गाडीचा वेग, ॲक्सिलरेटर किती दाबलाय, इंजिनावर किती ताण आहे, हे सगळं बघून आतला कॉम्प्युटर गिअर ठरवतो, वगैरे. पण चाळीस वर्षं मागच्या सीटवर बसून मनातल्या मनात गिअर टाकणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर तो आनंद मी पहिल्यांदा बघत होतो. आणि शिवाय, सरांच्या पायाशीही एक क्लच आहे हे एकवीस दिवस मला तरी कोणी सांगितलं होतं?

संपूर्ण घाट मामांनी चढवला. एकदाच फक्त ते "थर्ड" म्हणाले आणि गाडी सेकंडमध्येच राहिली. मी जरा घाबरलो. मामांनी पुढे बघितलं, मान डोलावली आणि म्हणाले, "तिचं बरोबर आहे. पुढे वळण आहे." मामांनी कोणाचं बरोबर आहे असं म्हटलेलं मी माझ्या पन्नास वर्षांत ऐकलं नव्हतं. कोयनानगरला चहाला थांबलो तेव्हा त्यांनी बोनेटवर दोनदा थोपटलं.

खंबाटकीचा बोगदा गेला, कात्रजचा नवा बोगदा आला. बोगदा संपला आणि नवले पुलाकडचा उतार लागताच मामा म्हणाले, "आता न्यूट्रल. पेट्रोल वाचतं."

इथे मात्र मी ऐकलं नाही. ट्रक न्यूट्रलमध्ये सोडल्यामुळे ब्रेक निकामी होऊन झालेल्या अपघातांनी हा उतार बदनाम आहे. शिवाय हल्लीच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की पेट्रोल बंदच होतं. न्यूट्रल केलं तर उलट इंजिन चालू ठेवायला ते लागतं. मी दांडा एमकडे नेला, थर्ड धरून ठेवला आणि गाडी इंजिनाच्या ताब्यात खाली उतरवली. मामांना पहिल्यांदाच जाणवलं की गाडीत मीसुद्धा आहे. ते थोडे नाराज झाले, पण खाली आल्यावर मी पुन्हा डी केलं आणि कारभार त्यांच्याकडे गेला.

आणि तिथे पुणं सुरू झालं.

"फर्स्ट," मामा म्हणाले. चार फूट पुढे. "सेकंड. नको नको, फर्स्ट. थांब. फर्स्ट. सेकंड घे. अरे हा स्कूटरवाला. फर्स्ट." माना झुकत होत्या, पाटीवर एक, दोन, एक, दोन चाललं होतं, आणि मामा पुढे वाकून घामाघूम होऊन अख्ख्या ट्रॅफिकमधून गाडी नेत होते. माझा डावा पाय चप्पल काढून सीटखाली शांत झोपला होता.

वडगावला त्यांनी पाणी मागितलं. वारज्याला घसा बसला. चांदणी चौकाच्या अलीकडे ते एकदम थांबले, सीटवर मागे टेकले आणि रुमालाने मान पुसली. पाटीवर एकचा दोन झाला, दोनाचा एक झाला, तरी काही बोलले नाहीत.

"अरे," बऱ्याच वेळाने ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "हे असं तुला रोज करावं लागतं?"

"रोज, मामा."

मामांनी डोळे मिटले.

"मेल्या, एवढे पैसे घातलेस, तर ऑटोमॅटिक तरी घ्यायची होतीस!"